बत्तीस मिलीमीटर रुळावर वाफेचं इंजिन हळू चालवताना : कामाच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३

इंग्लंडमध्ये घरामागच्या बागेत बत्तीस मिलीमीटर गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा) रूळ टाकून झाला. एक पूर्ण फेरी १६ मीटरची आहे, दोन्ही टोकांना सव्वा मीटरच्या आसपास त्रिज्येची वळणं. इंजिन सेकंडहँड आहे : गॅसच्या ज्योतीवर वाफ करणारं, दोन सिलिंडरचं, चार चाकांचं, वजन पाण्यासकट दोन किलोच्या आत. १ ला १९ या प्रमाणात हा रूळ दोन फुटी गेजचा होतो, म्हणजे आपल्या नेरळ–माथेरानचा. मला त्याच गाडीची चाल हवी आहे.

आज नुसतं इंजिन सोडून स्टॉपवॉच लावलं. फेरी २४ सेकंदांत. १९ नं गुणलं की खऱ्या रुळावर ताशी ४५ किमी होतात. नेरळ ते माथेरान साधारण २१ किमी, आणि गाडीला दोन तासांहून जास्त लागतात. तिची सरासरी ताशी १० किमीच्या आसपासच. त्या हिशेबानं माझ्या १६ मीटरना ११० सेकंद लागायला हवेत. हा आकडा शेडच्या दारामागे खडूनं लिहून ठेवला आहे. खालच्या प्रत्येक नोंदीत फेरीचे सेकंद देत जाईन, म्हणजे कशानं किती फरक पडला ते तुम्हालाही मोजता येईल.

२१ ऑक्टोबर

इंजिनाला हात न लावता आधी रूळ तपासला. एक बाजू पाच मीटरमध्ये जवळपास तीन सेंटिमीटर खाली गेली होती. डोळ्याला दिसत नाही, पण एवढ्या हलक्या गाडीला तो उतार पुरतो : चढावर ती मरगळते, म्हणून रेग्युलेटर (वाफ सोडायचा नळ) उघडायचा, आणि उतारावर तीच वाफ तिला पळवते. रुळाखालची खडी काढून, लांब ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लेव्हल ठेवून दिवसभर भरणी केली. कंटाळवाणं काम आहे. पण हे केल्याशिवाय पुढचं एकही मोजमाप खरं मानू नका.

नंतर मागे चार डबे जोडले, प्रत्येकात शिशाचे तुकडे, सगळे मिळून दोन किलोंहून थोडे जास्त. फेरी ३८ सेकंद. पैसे शून्य, कारण शिसं पडून होतं. एवढ्यावर समाधान असणारे पुष्कळ लोक आहेत. पण ३८ सेकंद म्हणजे अजूनही ताशी २९ किमी.

२८ ऑक्टोबर

घर्षण वाढवून वेग उतरवण्याचा प्रयत्न. पिस्टन रॉडच्या ग्लँडमध्ये (रॉड बाहेर येतो तिथलं वाफ अडवणारं बूच) ग्राफाइटची दोरी, म्हणजे पॅकिंग, जास्त भरून नट आवळले. शेवटच्या डब्याच्या ॲक्सलला नमद्याचा तुकडा घासेल असा बसवला. परिणाम वाईट. रेग्युलेटर थोडा उघडला तर इंजिन जागचं हलत नाही. अजून थोडा उघडला की एकदम सुटतं आणि अर्ध्या फेरीत पहिल्या वेगाला पोचतं. बंद करायला गेलं की वळणात अडकतं.

संध्याकाळी बाबांशी फोनवर बोललो. ते कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, नॅरो गेजची इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलेली.

“बाबा, पॅकिंग आवळलं तर अडकतंय, सैल केलं तर पळतंय. मधलं सापडतच नाही.”

“सापडणार कसं? अरे, आवळून गाडी हळू होत नाही, गाडी अडते. कपाट सरकवताना बघ, हलेपर्यंत जोर लावावा लागतो आणि हललं की भस्सकन पुढे. तेच करून ठेवलंयस तू. आधी सगळं मोकळं कर. एका बोटानं चाकं फिरली पाहिजेत.”

“मग हळू कशानं होणार?”

“वजनानं. आणि वाफ मोजून दिल्यानं. आमच्या इंजिनांना काय कमी वजन होतं?”

पुढचं सगळं काम या दोन वाक्यांवर उभं आहे. थांबलेल्या भागाला हलवायला लागणारा जोर आणि हलत्या भागाला लागणारा जोर यांत फरक जितका कमी, तितकं इंजिन हळू चालू शकतं. नमदा काढून टाकला. ग्लँडचे नट बोटानं फिरवून जेमतेम वाफ थांबेल इतकेच ठेवले. शनिवार आणि मुख्य म्हणजे नवीन ग्राफाइटची दोरी वाया गेली, ५ पौंड.

१८ नोव्हेंबर

दिवाळीमुळे काम मागे पडलं. आता रेग्युलेटर.

बाहेर काढून भिंगाखाली पाहिला. सुईचं टोक ६० अंशांचं बोथट आणि खाली दीड मिलीमीटरचं भोक. आटा ०.८ मिलीमीटर पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात तेवढा सरकणारा. चौथाई फेरा दिला की सुई ०.२ मिलीमीटर उचलते आणि चोहोबाजूंनी ०.१ मिलीमीटरहून जास्त फट पडते. या इंजिनाला सावकाश चालायला लागते त्याहून ही फट कितीतरी मोठी आहे. म्हणजे सगळा खेळ दांडीच्या पहिल्या काही अंशांत संपतो, बाकीचा फेरा नुसता दिखाऊ.

तीन मिलीमीटरच्या स्टेनलेस सळईतून लेथवर नवी सुई काढली, टोक ८ अंशांचं, लांब. तेवढ्याच उचलण्यात फट सुमारे आठपट कमी. थंड असताना फुंकून पाहिलं तर हवा अगदी सुतासारखी सोडता येत होती. बॉयलर तापल्यावर मात्र सुई बंद केली ती भोकात पाचरीसारखी रुतून बसली. पक्कडीनं सोडवावी लागली, टोकाला कंगोरा पडला. इतका निमुळता कोन स्वतःला धरून ठेवतो, आणि गरम-थंड होताना पकड आणखी घट्ट होते. ही सुई बाद.

२५ नोव्हेंबर

दुसरी सुई दोन टप्प्यांची केली. वर ६० अंशांचा छोटा खांदा, तो भोकाच्या काठावर बसून वाफ पूर्ण बंद करतो. त्याच्या खाली साडेतीन मिलीमीटर लांबीचं शेपूट, जे भोकात जवळजवळ नेमकं बसतं आणि टोकाकडे अगदी हळू निमुळतं होतं. बंद करणं खांद्याचं काम, मोजून देणं शेपटाचं. शेपूट कुठेही टेकत नाही, म्हणून रुतत नाही.

दांडीसुद्धा बदलली. पूर्वी १५ मिलीमीटरची होती, आता ४५. बोटाची तीच हालचाल आता तिप्पट बारीक. केबिनच्या बाहेर थोडी येते, दिसायला बरी नाही, पण मी ठेवणार आहे.

फेरी ५५ सेकंद, ताशी २० किमी. मधूनमधून धक्के बसतात, विशेषतः चाक स्वतःच्या प्रत्येक फेऱ्यात एका ठरावीक जागी क्षणभर थबकतं. ही वाफेची नाही, सिलिंडरमध्ये वाफ आत-बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची तक्रार आहे.

९ डिसेंबर

या इंजिनात उलटं-सुलटं जाण्यासाठी लिंक मोशन (व्हॉल्व्हची चाल बदलणारी दांड्यांची जोडणी) नाही. मधल्या ठोकळ्यात वाफेची आणि बाहेर टाकण्याची वाट अदलाबदल होते, बस. त्यासाठी एक्सेंट्रिक (व्हॉल्व्ह हलवणारी चकती) क्रँकशी बरोबर ९० अंशांत हवा आणि व्हॉल्व्हला लॅप (वाट झाकून उरणारी जादा कड) देता येत नाही. म्हणजे वाफ पूर्ण स्ट्रोकभर आत येत राहते. मोठ्या इंजिनाचा ड्रायव्हर चाल धरली की रिव्हर्सर (दिशा बदलायची दांडी) मागे घेऊन कमी वाफ भरतो, ती सोय इथे नाही. सगळा भार रेग्युलेटरवर. म्हणून व्हॉल्व्हचं टायमिंग निदान चारही ठोक्यांना (दोन सिलिंडर, प्रत्येकाच्या दोन बाजू) सारखं असायलाच हवं.

तपासायची पद्धत : गॅस नाही, पाणी नाही. सायकलच्या पायपंपानं थोडी हवा, ५ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंडांत दाब) आसपास, आणि चाक हातानं सावकाश फिरवायचं. पिस्टन टोकाला असताना दोन्ही वाटा बंद हव्यात. तिथून जरा पुढे ढकललं की एक उघडावी, आणि मागे-पुढे सारख्याच अंतरावर. माझ्या डाव्या सिलिंडरची पुढची बाजू लगेच उघडत होती, मागची फार उशिरा. व्हॉल्व्हची सळई एम-२ आट्याची, पिच ०.४ मिलीमीटर. अर्धा फेरा दिला, म्हणजे ०.२ मिलीमीटर, आणि चारही सारखे झाले. इतकं कमी अंतर होतं ते.

चार ठोके कानाला सारखे येईपर्यंत पुढे जाऊ नका. मागच्या दोन नोंदींतलं निम्मं काम यानंतर करायला हवं होतं, म्हणजे सुई कितपत चांगली आहे ते लगेच कळलं असतं.

फेरी ७० सेकंद.

२० जानेवारी २०२४

थंडी. तापमान दोनच्या आसपास. चालवायला गेलो आणि पहिली दहा मिनिटं नुसतं पाणी थुंकणं. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं, हळू चालवताना ते बाहेर पडायला वेळच मिळत नाही. सपाट स्लाइड व्हॉल्व्ह असेल तर अडकलेलं पाणी त्याला उचलून निसटतं. माझा पिस्टन व्हॉल्व्ह आहे, तो उचलला जात नाही. इंजिन अडखळतं आणि मग पाण्याचा गोळा निघून गेल्यावर उडी मारतं.

दोन गोष्टी केल्या. वाफेच्या नळीला सुती दोरी घट्ट गुंडाळली, सिलिंडरच्या पत्र्याखाली पातळ नमदा भरला. शिवाय बॉयलरमधून निघालेली नळी ज्योतीच्या नळकांड्यातून एकदा पुढे-मागे फिरवून मग सिलिंडरकडे नेली, म्हणजे वाफ कोरडी होते. तांब्याची नळी ४ पौंड, सांधे जोडायला चांदीच्या डाकाची माझ्याकडचीच कांडी. हळू चालण्यासाठी कोरडी वाफ किती लागते याचा अंदाज मला नव्हता. सुरुवातीची थुंकाथुंकी दोन-तीन मिनिटांवर आली.

३ फेब्रुवारी

नवीन त्रास : पहिल्या काही फेऱ्या ७५ सेकंदांच्या, मग ६५, मग ५५. रेग्युलेटरला हात लावलेला नाही.

कारण गॅसची टाकी. ती केबिनमध्ये बॉयलरला जवळजवळ चिकटून आहे. थंडीत ब्युटेन नीट उकळतच नाही, शून्याच्या किंचित खाली त्याचा उत्कलनबिंदू आहे, म्हणून सुरुवातीला ज्योत लहान. बॉयलर तापला की टाकी तापते, गॅसचा दाब वाढतो, ज्योत मोठी होते, वाफेचा दाब २० पीएसआयवरून ४० कडे जातो, सेफ्टी व्हॉल्व्ह उडायला लागतो आणि इंजिन धावायला लागतं.

टाकी आणि बॉयलर यांच्यामध्ये ३ मिलीमीटरचा कॉर्क बसवला, टाकीभोवती पाणी धरणारी उघडी पितळी पेटी केली. सुरुवातीला पेटीत कोमट पाणी टाकायचं. थंडीत ते गॅसला ऊब देतं, नंतर जास्त तापू देत नाही. ७०-३० ब्युटेन-प्रोपेनची कॅन घेतली. आता दाब २० ते २५ मध्ये राहतो.

सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग सैल करून दाब कमी ठेवण्याचा सल्ला मला एकानं दिला. मी ते करणार नाही आणि तुम्हीही करू नका. तो व्हॉल्व्ह जिवाच्या रक्षणासाठी आहे, वेगासाठी नाही. दाब कमी हवा असेल तर आग कमी करा.

२ मार्च

आता बाबांचं “वजन”.

इंजिनात शिसं भरायला जागा नाही, आणि खूप भरलं तर ॲक्सलच्या बुशांवर भार येतो. दुसरा मार्ग : गिअरनं जोरात फिरणारं छोटं फ्लायव्हील (गती टिकवणारी जड चकती). हिशेब असा. पितळी चकती, व्यास २५ मिलीमीटर, जाडी १०, वजन ४२ ग्रॅम. ती ॲक्सलच्या १६ पट वेगानं फिरवली तर तिचं जडत्व ॲक्सलवर १६ च्या वर्गानं, म्हणजे २५६ पट जाणवतं. ४० मिलीमीटरच्या चाकांना हे सुमारे २ किलो जादा वस्तुमानासारखं आहे, आणि रुळावर वजन मात्र फारसं वाढत नाही. इंजिनाचं वजन दुप्पट केल्यासारखं. हा आकडा पुन्हा पुन्हा करून पाहिला, बरोबर आहे.

पहिल्यांदा हे यंत्र ब्रेकव्हॅनमध्ये बसवलं, कारण तिथे जागा भरपूर. चाललं नाही. व्हॅन हलकी, तिची चाकं न फिरता रुळावर नुसती घसरतात, फ्लायव्हीलला वेगच मिळत नाही. जेव्हा मिळतो तेव्हा सगळ्या कपलिंगमधली सैल जागा आधी ताणली जाते मग दाबली जाते आणि डबे एकमेकांवर आपटतात. जडत्व जिथे जोर तयार होतो तिथेच, इंजिनाच्या ॲक्सलवर हवं.

३० मार्च

केबिनच्या फरशीखाली, दोन फ्रेमच्या मध्ये यंत्र बसवलं. मागच्या ॲक्सलवर ४८ दात्यांचा गिअर, त्याला १२ दात्यांचा पिनियन (छोटा गिअर), त्याच्याच शाफ्टवर पुन्हा ४८, पुन्हा १२, आणि त्यावर चकती. मॉड्यूल (दात्यांचं माप) ०.५. म्हणून प्रत्येक जोडीच्या केंद्रांतलं अंतर १५ मिलीमीटर. हे अंतर भोकं पाडताना पाळलं नाही तर पुढचं सगळं फुकट. गिअर ॲक्सलवर घालायला एक चाक काढावं लागतं. आधी चाक आणि ॲक्सलवर एक रेघ कोरून घ्या, नाहीतर दोन बाजूंच्या क्रँकमधला ९० अंशांचा कोन बिघडतो आणि साइड रॉड (चाकं जोडणाऱ्या दांड्या) अडकतात.

पहिल्या जोडीला नायलॉनचे गिअर घेतले, स्वस्त म्हणून. तासाभरात गरम होऊन पिनियन शाफ्टवर सैल झाला आणि नुसता फिरायला लागला. पितळी मागवले. दात्यांमधली फट बसवताना दोन्ही गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबून स्क्रू आवळले, मग कागद फिरवून काढला. तेवढी फट बरोबर पडते.

१३ एप्रिल

पाडव्याच्या सुटीत बसवून पूर्ण. एका बोटानं ढकललं तर आतून बारीक घरघर येते आणि इंजिन सुटल्यावरही हळूहळू पुढे जात राहतं.

फेरी ८५ सेकंद. मग १००. धक्के गेले. क्रँकच्या मृत बिंदूवरून (पिस्टन टोकाला असतो ती जागा) चकती त्याला पलीकडे नेते. रेग्युलेटर पूर्ण बंद केल्यावर गाडी जागच्या जागी आदळून थांबत नाही, वीतभर पुढे जाऊन थांबते. फलाटावर थांबवायची असेल तर अलीकडेच बंद करावी लागते. मी हेच शोधत होतो.

दुपारनंतर पुन्हा जड. चकतीच्या बॉल बेअरिंगमध्ये सिलिंडरचं तेल उडून गेलं होतं. वाफेसाठीचं तेल फार घट्ट असतं, गार झालं की मधासारखं नाही, त्याहून चिकट. बेअरिंग पेट्रोलनं धुतले, पत्र्याची छोटी ढाल बसवली, आता तिथे फक्त घड्याळाच्या तेलाचा एक थेंब.

१८ मे

शेवटचा भाग : वाफ बाहेर पडण्याच्या नळीत अडसर. आतला व्यास ३ मिलीमीटर होता, त्यात पितळी पुंगळी घालून दीड केला. हळू चालताना फरक नाही, पण वेग वाढला की मागे दाब साठतो आणि इंजिन स्वतःला आवरतं. उतारावर हे फारच उपयोगी. मात्र दीडच्या भोकातून सुरुवातीचं पाणी निघत नव्हतं, चाक अडकत होतं. दोन मिलीमीटर केल्यावर ठीक. हे फक्त गॅसच्या इंजिनाला करा. कोळसा किंवा स्पिरिटवर चालणाऱ्यात आग ओढायला हीच बाहेर पडणारी वाफ लागत असेल, तर अडसरानं आग विझेल.

फेरी १०८ ते ११२ सेकंद, चार डब्यांसह, दोन्ही दिशांना.

लेटन बझर्डच्या नॅरो गेज रेल्वेकडे माथेरानचं ७४० नंबरचं इंजिन आहे, ओरेनस्टाइन अँड कोपेलनं बनवलेलं, वळणं घेण्यासाठी पोकळ ॲक्सलची खास रचना असलेलं. आपल्या घाटातलं इंजिन इतक्या जवळ आहे ही गोष्ट मला या सगळ्या महिन्यांत फार बळ देत आली. माझ्या चार चाकांच्या इंजिनाचं त्याच्याशी रूप जुळत नाही. चाल जुळते.

१ जून

खर्च : पितळी गिअर आणि शाफ्ट ३१ पौंड, वाया गेलेले नायलॉन गिअर ९, बेअरिंग ६, पितळी सळई ११, स्टेनलेस सळई ३, तांब्याची नळी ४, ग्राफाइटची दोरी ५, कॉर्क आणि नमदा ४. एकूण ७३ पौंड. लेथ घरचा नसेल तर सुई आणि चकती करून घेण्याचे वेगळे.

पैसे कमी असतील तर क्रम असा धरा : रूळ सपाट, भाग मोकळे, व्हॉल्व्ह सारखे, मग सुई. इतक्यावर ७० सेकंदांपर्यंत मी पोचलो होतो आणि ते फारसं महाग नव्हतं. फ्लायव्हील त्यानंतर.

देखभाल : चार तास चालवल्यावर नळीतली पुंगळी तारेनं साफ करायची, तेलाचा काळा थर बसतो. गिअरना ग्रीस नको, धूळ धरतं. कोरडं ग्राफाइट पुरे. सुईचं शेपूट भोकापेक्षा ०.०५ मिलीमीटर बारीक, टोकाला १.१ पर्यंत निमुळतं, खांदा ६० अंश.